जुनी कॅम्पर व्हॅन घेताना आधी कागद, मग पत्रा

ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांकडून जुन्या कॅम्पर व्हॅनबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. बहुतेकांनी आतल्या बेडचे, ओट्याचे, फ्रिजचे फोटो बारकाईने पाहिले आहेत. आरसी मात्र उघडून पाहिलेली नाही आणि गाडीखाली कुणी वाकलेलं नाही. म्हणून उत्तरांचा क्रम आम्ही मुद्दाम उलटा ठेवला आहे.

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे): २०१४ची फोर्स ट्रॅव्हलर (मिनीबस) पाहिली आहे. आत दोन बेड, ओटा, सिंक सगळं आहे. आरसीवर मात्र बारा आसनांची बस अशी नोंद आहे. विकणारे म्हणतात, "आरटीओत काही अडचण येत नाही." घ्यावी का?

उत्तर: कायद्याच्या नजरेत तुम्ही बारा आसनांची बस घेताय, आणि तिच्यातली बरीचशी आसनं परवानगीशिवाय काढून टाकली आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. करायचा असेल तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद, दोन्ही लागतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हा मुद्दा कडक केला. रोजच्या फेऱ्यांत कुणी अडवणार नाही, हे खरं. प्रश्न येतो तो अपघातानंतर. बदल न कळवलेल्या गाडीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते, आणि तेव्हा आरसीवर नाव तुमचं असतं.

खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्र सरकारच्या वर्गीकरणात बिगर-परिवहन वाहनांत मोडते, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. म्हणजे कायदेशीर वाट आहे. विकणाऱ्यांना सांगा की नोंद बदलून द्या, मग पूर्ण पैसे. ते 'नाही' म्हणाले, तर ही गाडी आतल्या सामानासकट जुन्या बसच्या भावानेच मोजा.

पिवळ्या पाटीची गाडी असेल तर आणखी तीन गोष्टी पाहा: परमिट जमा केलंय का, कर कधीपर्यंत भरलाय आणि फिटनेसची तारीख. परिवहन वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं. २०१४ची गाडी त्यात आलीच. पांढऱ्या पाटीच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. त्यामुळे चौदा वर्षांची 'स्वस्त' गाडी तितकी स्वस्त नसते.

कर्जाचा बोजा आरसीवर दिसत असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ची एनओसी, महाराष्ट्रातला कर आणि १२ महिन्यांच्या आत इथला नंबर, एवढं सगळं हिशोबात धरा.

शेवटी चॅसिस नंबर. चॅसिसच्या पट्टीवर तो ठोकलेला असतो. धूळ पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासून ठसा उठवा. आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहा. अक्षरांची उंची किंवा ओळ मध्येच हलली असेल, आजूबाजूचा पत्रा घासल्यासारखा किंवा वेल्ड केल्यासारखा दिसत असेल, तर तिथूनच परत फिरा.

प्रश्न (ऐरोली): आमच्याकडे खाडीचा वारा. गाडीही इथलीच, एका कंपनीची होती. रंग अगदी नवा आहे. गंज कसा ओळखायचा?

उत्तर: नवा रंग हीच पहिली शंका. खाडीकाठची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत दहा वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीला कुठे ना कुठे गंज असतोच. तो वरवरचा आहे की पोटात गेलाय, एवढं ठरवायचं.

सोबत टॉर्च, छोटं लोहचुंबक, मोठा स्क्रूड्रायव्हर आणि झोपायला चटई न्या. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडा जाणार नाही. चाकांच्या कमानी, दाराखालचा पट्टा, सरकत्या दाराची खालची पट्टी, मागच्या दारांचे खालचे कोपरे आणि पुढच्या काचेच्या खालची कड इथून ते हळू सरकवा. ओढ अचानक कमी झाली की खाली पुट्टीचा थर आहे. अंगठ्याएवढी जागा असेल तर जुना पोचा समजा. वीतभर असेल तर तिथे पत्रा उरलेला नाही. छत फायबरचं असेल तर त्याला चुंबक लागणारच नाही, ते पाहून घाबरू नका.

मग गाडीखाली झोपा. सगळीकडे ताजा काळा अंडरकोट (गाडीच्या पोटाला मारायचा गंजरोधक थर) मारलेला असेल तर विचारा, कधी मारला आणि आधीचे फोटो आहेत का. विकायच्या आदल्या आठवड्यात मारलेला कोट गंज झाकायलाच असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चॅसिसच्या दोन्ही पट्ट्या ठोकत जा. शाबूत पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला थप्प वाजतो आणि पापुद्रे गळतात. पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे चॅसिसला अडकवलेले असतात त्या ब्रॅकेटजवळ आणि पुढच्या सस्पेन्शनच्या जोडांजवळ सर्वांत जास्त वेळ द्या. दाराचा पत्रा बदलता येतो, फरशीला ठिगळ लावता येतं. पण पाट्यांच्या ब्रॅकेटशी चॅसिस सडलेली किंवा वेल्ड करून जोडलेली दिसली, तर ती गाडी कितीही कमी भावात घेऊ नये. या एका बाबतीत आम्ही घासाघीस करायलाही सांगणार नाही.

दारांच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोकं असतात. बरेचदा अंडरकोटने किंवा चिखलाने ती बुजतात, पाणी आत साचतं आणि दार आतून सडत वर येतं. काडीने ती मोकळी आहेत का पाहा.

कॅम्परमधला गंज साध्या व्हॅनपेक्षा वेगळा असतो, हे फारसं कुणी सांगत नाही. स्वयंपाकाची वाफ आणि झोपलेल्या माणसांचा श्वास प्लायच्या मागे जातो, थंड पत्र्याला लागून पाणी होतो आणि तिथेच राहतो. त्यात उष्णतारोधक म्हणून ग्लासवुल भरलेला असेल तर तो ओला राहून पत्र्याला चिकटतो. एखादं पॅनेल किंवा निदान दिव्याचं भोक उघडून आत काय भरलंय ते पाहा. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, रबर फोम पत्र्याला सपाट चिकटवलेला असेल तर उत्तम. ओला ग्लासवुल म्हणजे आतलं सगळं उचकटायची तयारी ठेवा.

गळती तपासायला पाइप लागतो. एक जण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर. पाणी खालून वर न्यायचं: आधी दारांची रबरं, मग खिडक्या, मग पुढची काच, शेवटी छतावरचा व्हेंट, कॅरियर आणि सोलर पॅनेलचे बोल्ट. प्रत्येक टप्प्यावर निदान दहा-पंधरा मिनिटं. सुरुवात छतापासून केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळतच नाही. प्लायमागून पाणी फिरून यायला वेळ लागतो, म्हणून जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डोकवा.

पाइप मिळाला नाही तर कपाटांचे स्क्रू पाहा. फरशीलगतच्या स्क्रूंची डोकी तांबूस झाली असतील तर पाणी तिथवर पोचलेलं आहे. तेवढेच चार स्क्रू नवे चकचकीत असतील तर तेही तेच सांगतात. प्लायच्या खालच्या कडेला काळी रेघ, फुगवटा किंवा अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागणं, हीही पाण्याचीच खूण. आयएस ७१०चा मरीन प्लाय असेल तर आमच्या पावसात टिकतो. एमडीएफ किंवा साधा कमर्शियल प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतो.

छताच्या सांध्यांवर पांढऱ्या सिलिकॉनचे थरावर थर दिसले तर गळती जुनी आहे. सिलिकॉनवर पुढे ना रंग बसतो ना दुसरं सीलंट. आंबट वासाचं सिलिकॉन तर पत्र्याला गंजवतं. ते पूर्ण खरवडून, पत्रा कोरडा करून, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरावं लागेल. हे काम मार्च ते मेमध्येच उरकावं.

गाडी बघायला सर्वांत चांगला महिना जुलै. "पाऊस थांबला की या," असं कुणी म्हटलं तर मुद्दाम भर पावसात जा.

प्रश्न (कळवा): इंजिन कसं तपासावं? आमच्या ओळखीचा मिस्त्री नाही.

उत्तर: मिस्त्रीला पैसे देऊन न्याच, पण त्याआधीची चाळणी तुम्ही करू शकता. विकणाऱ्यांना आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बोनेटवर आणि रेडिएटरवर हात ठेवा. गरम असेल तर कुणीतरी 'तयारी' केलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी या.

थंड इंजिनावर सेल्फ मारताना बॅटरीला मल्टिमीटर लावा: १० व्होल्टच्या बऱ्याच खाली गेलं तर बॅटरी किंवा स्टार्टर दमलाय. चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत, नाहीतर अल्टरनेटर पाहावा लागेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर काही मिनिटांत विरला तर ठीक. गरम झाल्यावरही येत राहिला तर कूलंट जळत असेल किंवा इंजेक्टर बिघडलेत. काळ्या धुराला बरेचदा बुजलेला एअर फिल्टर पुरतो. ऑइलचं झाकण काढा. आतून भसाभस वारा येत असेल तर पिस्टन रिंगा झिजल्यात. झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी जातंय, हेडगॅस्केटचा संशय घ्या.

मग चढ. ठाणेकरांना गायमुखचा घाट आहे, तोही पहाटे, कोंडी लागायच्या आत. नवी मुंबईकरांना बेलापूरचा पारसिक हिलचा रस्ता. तिसऱ्या गियरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबा: इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपली आहे. उतरताना ब्रेक लावून गाडी एका बाजूला ओढते का पाहा. परतल्यावर गाडी पुठ्ठ्यावर वीस मिनिटं उभी करा आणि कुठे काय ठिबकतं ते बघा.

टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. फिरत नसलेल्या कॅम्परचे टायर नक्षीने नवे दिसतात आणि वयाने संपलेले असतात. सहा-सात वर्षांच्या पुढचा संच बदलायचाच, असं धरून भाव करा.

गाडी आधी ॲम्ब्युलन्स होती का, हेही विचारा. तिचे किलोमीटर कमी दिसतात, पण इंजिन तासन्‌तास उभ्याने चालू राहिलेलं असतं.

ट्रॅव्हलरच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: शाळेच्या आणि कंपन्यांच्या बस म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यात ती इतकी चालते की सुटे भाग आणि हात बसलेले कारागीर दोन्ही मिळतात. परदेशी बनावटीची देखणी जुनी व्हॅन समोर आली तर आधी तिचा क्लच केबल आणि ब्रेक सिलिंडर कुठे मिळतो ते शोधा.

प्रश्न (कोपरखैरणे): दोघांसाठी ओम्नी किंवा इको पुरेल का?

उत्तर: दोन रात्रींसाठी पुरेल. ओम्नीचं उत्पादन २०१९मध्ये थांबलं, त्यामुळे ती आता जुनीच मिळणार. इंजिन पुढच्या सीटखाली, ७९६ सीसीचं, उन्हाळ्यात पाय भाजतात आणि घाटात भरलेली गाडी रडते. इको बरी. पण त्यात जड फर्निचर बसवू नका. दुमडणारी फळी, गादी आणि एक पेटी एवढ्यावर ठेवा, सीट जागच्या जागी राहू द्या, म्हणजे आरसीचा प्रश्नही उभा राहत नाही.

प्रश्न (खारघर): व्हॅनमध्ये १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, २०० वॅटचं सोलर आणि एक टनाचा एसी आहे. रात्रभर एसी चालेल, असं सांगताहेत.

उत्तर: चालणार नाही. हिशोब तुम्हीच करून पाहा. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १,८०० वॅट-तास. ट्यूब्युलर बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मे, म्हणजे ९०० वापरायचे. आता एसी सोडून दिवसाचा खर्च: ४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्या उकाड्यात निम्मा वेळ चालतो, ५४० झाले. पाच वॅटचे चार दिवे चार तास, ८०. पंधरा वॅटचे दोन पंखे आठ तास, २४०. मोबाइल ५०. बेरीज ९१०. म्हणजे बॅटरी एवढ्यातच आटोपली. एसीने सरासरी ६०० वॅट घेतले तरी आठ तासांचे ४,८०० होतात. त्यासाठी अशा सहा बॅटऱ्या लागतील, आणि एकेक बॅटरी ५० किलोच्या पुढे असते.

२०० वॅटचं पॅनेल हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात दिवसाला ६०० ते ७०० वॅट-तास देतं. पावसाळ्यात त्याचा तिसरा हिस्सा मिळाला तरी खूप. त्यामुळे एसी हा जिथे बाहेरून वीज मिळेल तिथेच वापरायचा. त्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग हवंच.

वायरिंग तपासायला एक सोपी युक्ती आहे. फ्रिज चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा, मग फ्रिजच्या टोकांवर. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज दिसला पाहिजे. तो नसेल तर वायर घासून शॉर्ट झाल्यावर आग थांबवणारं काहीच नाही. वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असेल तर सगळं वायरिंग नव्याने करायचा खर्च धरा.

याच वाचकांनी गॅसचंही विचारलंय. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर गाडीत बसवलेला असेल तर तो काढायला लावा. पाच किलोचा छोटा पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरची पेटी गाडीच्या आतल्या बाजूने हवाबंद आणि तळाशी थेट गाडीबाहेर उघडणारं भोक असलेली हवी, आणि त्या पेटीत एकही वायर किंवा स्विच नको. रबरी नळीवरची तारीख पाहा, पाच वर्षं झाली की बदला. सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासा. इंडक्शन घ्यावं का? दोन हजार वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १८० अँपिअरच्या आसपास ओढते. ट्यूब्युलरवर तो विचार सोडा.

प्रश्न (माजिवडा): वजनाचं एवढं काय? इंजिन तर दमदार आहे.

उत्तर: दमदार इंजिन ओढतं, थांबवत नाही. डिझेल पूर्ण भरून, पाण्याची टाकी रिकामी ठेवून गाडी वजनकाट्यावर न्या. तुर्भे आणि कळंबोलीत काटे भरपूर आहेत. समजा आरसीवर भरलेल्या गाडीचं कमाल वजन ३,५०० किलो आहे आणि काटा ३,१२० दाखवतोय. उरले ३८०. चार माणसं २६०, ऐंशी लिटर पाणी म्हणजे ८०, सामान ५०. झाले ३९०, म्हणजे निघण्याआधीच गाडी ओव्हरलोड. मग फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन दुसरी पावती घ्या. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, ओटा सगळं मागे ठेवलेलं असेल तर मागच्या ॲक्सलवरचा जादा भार त्यात दिसेल. उतारावर ब्रेक तापून ढिले पडतात आणि पाटे मोडतात ते याच वजनाने. विकणारे काट्यावर यायला तयार नसतील तर सौदा थांबवा.

सोसायटीत गाडी न्यायच्या आधी उंचीही मोजा, छतावरचा एसी आणि व्हेंट धरून. पोडियम पार्किंगच्या तुळया आणि स्प्रिंकलरचे पाइप बरेचदा अशा गाडीला अडतात. पोडियमचा स्लॅब किती वजनाचा आहे ते समितीकडून लेखी घ्या. अग्निशमनाच्या गाडीच्या वाटेवर उभी करायची परवानगी कुणी दिली तरी करू नका.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, फ्रिज-दिव्यांच्या बॅटरीचा निगेटिव्ह काढा, कपाटांची दारं आणि गाद्या उघड्या ठेवा, कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवून दर आठवड्याला त्यांतलं पाणी टाका. पंधरवड्याला अर्धा तास रस्त्यावर फिरवा. जागेवर चालू ठेवून इंजिन आणि टायर दोघांनाही फायदा नाही. उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा फरशीतली वायरींची भोकं बारीक जाळीने बुजवा.

प्रश्न (पनवेल): गाडी पसंत आहे. आज विसार दिला नाही तर दुसरं गिऱ्हाईक नेईल म्हणतात.

उत्तर: विसार द्या, पण थोडा आणि पावतीवर. पावतीत गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, ठरलेली किंमत आणि अटी लिहा: बोजा उतरवून देणं, आरसीतली नोंद, प्रलंबित ई-चलान भरणं, यातलं काही न झाल्यास विसार परत. बाकी रक्कम बँकेतूनच द्या. हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या तुमच्यासमोर होऊ द्या. कोरे सही केलेले फॉर्म एजंटाकडे सोडू नका. विकणाऱ्यांनी राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं, तुमची मुदत ३० दिवसांची. विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवस असतात, आणि विमा कंपनीला आतले सगळे बदल लेखी कळवा, पोच घ्या. ताबा घेताना पावतीवर तारखेबरोबर घड्याळातली वेळ आणि किलोमीटरचा आकडाही लिहा, दोघांच्या सह्या करा. त्या वेळेआधीचं चलान त्यांचं, नंतरचं तुमचं.